रायफलीच्या नळींतील मळ

शस्त्रें व काडतुसें विकणाऱ्या एखाद्या मोठ्या दुकानांत रायफल साफ करण्याच्या सामानाचें कपाट पाहिलें, तर औषधांच्या दुकानाची आठवण व्हावी इतक्या बाटल्या, डबे आणि कुंचल्या तेथें ओळीनें मांडलेल्या आढळतात. एका बाटलीवर दारूची काजळी काढण्याचें आश्वासन असतें, दुसरीवर तांबें विरघळविण्याचें, तिसरीवर गंजापासून संरक्षण करण्याचें, आणि चौथीवर हीं तिन्ही कामें एकदम उरकण्याचें. गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारतें: यांतील सर्वांत चांगली कोणती? प्रश्न सरळ दिसतो, पण त्याला उत्तर नाहीं. स्वयंपाकघरांत असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पितळेच्या तांब्याला चिंच लागते, तेलकट कढईला राख किंवा सोडा लागतो, आणि मिठाच्या बरणीला नुसतें पाणी पुरतें, हें तेथें लहान मुलालाहि ठाऊक असतें. रायफलीच्या नळीचें रसायनशास्त्र याहून फारसें निराळें नाहीं. नळींत बसलेला मळ कशाचा आहे हें आधीं ओळखलें, म्हणजे बाटलीची निवड जवळजवळ आपोआप होते. तें न ओळखतां घेतलेली सर्वांत महाग बाटली देखील निरुपयोगी ठरते.

शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपले, तरी रायफल कांहीं सुशिक्षित घरांतून हद्दपार झाली नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेंतील मुलेंमुली ती हाताळतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर प्रोन प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याच जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर थ्री पोझिशन्स प्रकारांत कांस्यपदक पटकाविलें. तेव्हांपासून नेमबाजीच्या वर्गाला मुलाला धाडणारे पालक पूर्वीइतके दुर्मिळ राहिले नाहींत, आणि नळीच्या निगेचा प्रश्न त्यांच्याहि दारांत येऊन उभा राहतो.

रायफलीच्या नळीच्या आंतील भिंतीवर मळसूत्री चर कोरलेले असतात. त्यांची खोली इंचाच्या हजाराव्या भागांनीं मोजण्याइतकी थोडी असते. त्या चरांनीं गोळीला फिरकी मिळते, आणि फिरकीमुळें ती भोंवऱ्याप्रमाणें स्थिर राहून सरळ जाते. 'थ्री नॉट थ्री' या नांवानें सर्वांच्या परिचयाच्या असलेल्या रायफलीची गोळी सेकंदाला सुमारें २,४४० फूट वेगानें बाहेर पडते. एवढ्या वेगानें व एवढ्या उष्णतेंत धातु धातूवर घासला जात असतां मागें कांहीं राहणार नाहीं, हें संभवतच नाहीं. जें राहतें त्याचे मुख्य प्रकार चार: दारूची काजळी, गोळीचें तांबें, गोळीचें शिसें, आणि काडतुसाच्या टोपींतून येणारा क्षार. पहिले तीन दिसतात. चौथा दिसत नाहीं, आणि नाश सर्वांत अधिक तोच करतो.

नळींतील मळाचा प्रश्न हिंदुस्थानच्या इतिहासांत एकदां फार मोठ्या आवाजानें गाजलेला आहे. पण त्या प्रसिद्ध गोष्टीचा हा भाग सहसा सांगितला जात नाहीं. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण. ती जळली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल तोंडाकडून ठासावी लागे. कांहीं बार झाले, कीं नळी या मळानें अरुंद होई आणि पुढची गोळी खालीं उतरेना. यासाठीं कागदी काडतुसाच्या गोळीकडील भागाला चरबी व मेण यांचा लेप देत. मळ मऊ राहावा आणि गोळी घसरत जावी, एवढाच त्याचा हेतु. काडतुसाचें दुसरें टोक शिपायांना दातांनीं तोडावें लागे. ही चरबी गाईची व डुकराची आहे अशी वार्ता १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळील डमडमच्या छावणींत पसरली. शिपायांनीं स्वतःच्या पसंतीचा लेप लावावा अशी सवलत सरकारनें पुढें दिली, पण तोंवर विश्वास उडाला होता. २९ मार्च रोजीं बराकपूर येथें मंगल पांडे यांनीं शस्त्र उचललें. त्या उठावाचीं कारणें अनेक व खोल होतीं. तथापि ती चरबी काडतुसावर आली कशी, याचें उत्तर मात्र नळींतील मळ हेंच आहे.

काळ्या दारूचा मळ पाण्यांत विरघळतो. धुतांना सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांतील गंधकाचा. गरम पाणी आणि थोडा साबण यांहून सरस औषध त्यावर आजवर निघालेलें नाहीं. कोंकणांत पिकांच्या राखणीसाठीं परवान्यानें बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. त्यांच्या मालकांनीं परदेशी बाटलीपायीं पैसे खर्चण्याचें कांहींच कारण नाहीं.

१८८९ च्या सुमारास इंग्लंडांत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू निघाली. तिच्या पहिल्या प्रकारांत नायट्रोग्लिसरीन शेंकडा ५८, गनकॉटन ३७ आणि व्हॅसलिनसारखा खनिज पदार्थ ५ असे. हा शेवटचा पदार्थ नळीला वंगण व्हावें म्हणून घातला गेला आणि दारू टिकाऊ करण्याच्या कामीं उपयोगी पडला. शास्त्रांत असे लाभ मधून मधून होतात. या दारूची आंच इतकी प्रखर, कीं ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ व गोलसर चर लवकर झिजूं लागले आणि १८९५ पासून त्यांच्या जागीं एनफील्डचे पांच काटकोनी चर आले. येथें एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. झीज हा मळ नव्हे. झिजलेली नळी कितीहि घासली तरी पूर्ववत् होत नाहीं, उलट अधिक झिजते. जुनी रायफल नेम धरीत नाहीं म्हणून रोज नवी बाटली आणणाऱ्यानें प्रथम जाणत्या कारागिराकडून नळीची तपासणी करून घेणें इष्ट.

बिनधुराच्या दारूची राख फारच थोडी. त्यामुळें आतां नळी स्वच्छ राहील अशी सर्वांची अपेक्षा होती. घडलें उलट. संध्याकाळीं पुसून, तेल देऊन ठेवलेली रायफल दुसऱ्या दिवशीं उघडावी, तों आंत तांबूस गंज दिसावा! पुन्हां पुसावें, तों पुन्हां तेंच. कोणी म्हणत, दारूंतील आम्ल राहतें. कोणी म्हणत, पोलादाच्या छिद्रांत शिरलेले वायु घामाप्रमाणें बाहेर येतात. या 'घामा'वर पुष्कळ वर्षें लोकांचा विश्वास होता, आणि म्हणून तीन-तीन दिवस सफाई करण्याची रीत पडली होती. १९२० नंतर लवकरच अमेरिकेच्या खाण-खात्यांतील रसायनज्ञ हफ यांनीं या प्रकरणाचा छडा लावला. अपराधी दारू नव्हती. काडतुसाच्या बुडाशीं असलेली चिमुकली टोपी होती. टोपींतील मिश्रणांत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटांत त्यांतील प्राणवायु खर्ची पडतो आणि उरतें तें पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचें सख्खें भावंड. पावसाळ्यांत मिठाची बरणी पाझरते, तसाच हा क्षार हवेंतील ओल ओढून घेतो, आणि त्या ओलीनें पोलाद खाल्लें जातें.

हें कळल्यावर जुनें कोडेंहि उलगडलें. काळ्या दारूच्या काळांतहि टोपींत हाच क्षार होता. परंतु तेव्हां नळी पाण्यानें धुण्याची चाल होती, त्यामुळें तो नकळत निघून जाई. बिनधुराची दारू आल्यावर पाण्याची जागा तेलानें घेतली, आणि मीठ तेलांत विरघळत नाहीं. तेलाचा हात फिरविणाऱ्यानें क्षारावर पांघरूण घातलें, एवढेंच. ब्रिटिश सैन्यांत यासाठीं नळींत नरसाळ्यानें उकळतें पाणी ओतण्याचा प्रघात होता. पाणी उकळतेंच हवें, कारण तापलेली नळी लगेच आपोआप सुकते. कोमट पाण्यानें धुऊन ओली ठेवलेली नळी न धुतलेलीपेक्षां बरी नव्हे. पाण्याशीं एकजीव होऊन दुधासारखें पांढरें होणारें बॅलिस्टॉल किंवा 'यंग्ज .३०३' हेंहि तेंच काम करतें, तें त्यांतील पाण्याच्या बळावर. कांहीं मंडळी अमोनियानें क्षार 'मारला' जातो असें सांगतात व खिडकीच्या कांचा पुसण्याचें पाणी वापरतात. त्यानें नळी साफ होते हें खरें, पण श्रेय अमोनियाचें नसून पाण्याचें असतें.

१९२७-२८ च्या सुमारास अमेरिकेंतील रेमिंग्टन व जर्मनींतील आर. डब्ल्यू. एस. या कंपन्यांनीं क्षारविरहित टोप्या बाजारांत आणल्या, आणि आज विकत मिळणारीं बहुतेक नवीं काडतुसें त्या प्रकारचीं असतात. सैन्यें मात्र जुन्या टोपीला चिकटून राहिलीं, कारण ती कोठारांत वर्षानुवर्षें टिकते अशी तिची ख्याति होती. अमेरिकन सैन्यानें ती १९५० नंतरच पूर्णपणें सोडली; सोव्हिएट गटांतील देशांत ती त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चालली. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील जुन्या काडतुसांच्या पितळी बुडावर 'के. एफ.' हीं अक्षरें उठविलेलीं दिसतात. तेथील असोत वा दुसऱ्या कोठल्या कारखान्यांतील असोत, जुनीं लष्करी काडतुसें क्षाराचीं आहेत असें धरूनच चालावें, आणि नळी त्याच दिवशीं पाण्यानें धुवावी. उद्यांवर टाकण्याचें हें काम नव्हे. मुंबई-कोंकणच्या हवेंत तर मुळींच नव्हे.

तांब्याची गोष्ट निराळी. गोळीच्या शिशाभोंवतीं जें कवच असतें, तें पूर्वी तांबें व निकेल यांचें असे. पहिल्या महायुद्धानंतर तें हळूहळू तांबें व जस्त यांचें झालें. निकेलच्या कवचाचे ढेकूळ नळीच्या तोंडाशीं असे चिकटत, कीं ते काढण्यासाठीं अमेरिकन नेमबाज तीव्र अमोनियाचें मिश्रण नळींत भरून ठेवीत. तें क्षणभर सुकलें तरी पोलादाला खड्डे पडत. आजच्या कवचाचा थर पुष्कळ पातळ असतो, तरी साचत गेला म्हणजे नेम विस्कटतो. तो काजळी काढण्याच्या बाटलीनें जाणार नाहीं. त्याला अमोनिया असलेलें किंवा तांब्यासाठींच बनविलेलें दुसरें द्रव्य हवें. हॉप्प यांचें नऊ नंबरचें द्रव्य १९०३ पासून आजतागायत विकलें जातें आणि तें काजळीवर उत्तम चालतें. पण तांब्याचा जाड थर काढण्याला तें पुरेसें पडत नाहीं.

तांब्याची परीक्षा सोपी आहे. अमोनियाच्या द्रव्यानें भिजविलेली चिंधी नळींतून बाहेर आली, कीं तिच्यावर निळसर हिरवा डाग पडलेला असतो. कल्हई उडालेल्या भांड्यांत आंबट पदार्थ राहिला म्हणजे जो कळंक चढतो, त्याच जातीचा हा रंग. डाग पडावयाचा थांबला म्हणजे तांबें संपलें. मात्र येथें एक फसगत होते. ब्राँझच्या तारांची कुंचली अशा द्रव्यांत बुडविली, तर तिच्यांतीलच तांबें विरघळतें, आणि बिचारा मालक रात्रभर निळ्या चिंध्या काढीत बसतो. अशा वेळीं नायलॉनची कुंचली वापरावी आणि गजाचें पितळी टोकहि टाळावें. द्रव्य बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षां अधिक काळ नळींत ठेवूं नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि कपडे धुण्याच्या ब्लीचिंगच्या पाण्याजवळ अमोनिया कधींहि नेऊं नये. त्या दोहोंचा वायु विषारी असतो.

शिशाचा मळ मुख्यतः .२२ च्या छोट्या काडतुसांत आढळतो. तेथें गोळीला कवच नसतें, मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, आणि वेगहि बेताचा असतो. तांब्याच्या बाटलीचा येथें कांहींच उपयोग नाहीं. काजळीचें द्रव्य, ब्राँझची कुंचली आणि कोरड्या चिंध्या एवढ्यावर भागतें. धुऊन लख्ख केलेल्या नळींतून सुटणाऱ्या पहिल्या कांहीं गोळ्या बहुधा जागा सोडून लागतात. मेणाचा पातळ थर पुन्हां बसला, कीं त्या एकत्र येतात. यामुळें सामन्याच्या आदल्या रात्रीं नळी घासून काढणाऱ्या उत्साही शिष्याला अनुभवी शिक्षक आवरतात.

काजळीकडे पाहून 'एवढ्याशानें काय होतें' असें म्हणण्याची प्रवृत्ति असते. त्याची किंमत १९६५ ते १९६७ या वर्षांत व्हिएतनाममध्यें अमेरिकन तरुणांनीं भरली. एम-१६ ही हलकी, नवी रायफल त्यांच्या हातीं आली, ती ही जवळजवळ आपली आपणच स्वच्छ राहते अशा कीर्तीसह. पुष्कळ तुकड्यांना गज, कुंचल्या आणि तेल पुरेसें मिळालेंच नाहीं. तें वापरण्याचें शिक्षणहि नाहीं. मध्यंतरीं काडतुसांतील दारूची जात बदलली होती. नव्या दारूंत खडूचाच रासायनिक भाऊ कॅल्शियम कार्बोनेट होता, आणि तिचा मळ रायफलीच्या बारीक वायुनलिकेंत साचे. जपानच्या व रशियाच्या रायफलींत नळीला आंतून क्रोमचा मुलामा देण्याची युक्ति यापूर्वींच वापरली गेली होती. या नळीला मात्र तो दिलेला नव्हता. दमट जंगलांत काडतूस बसण्याच्या जागेला गंज व खड्डे पडत, आणि बार झाल्यावर रिकामें पितळी कवच तेथेंच घट्ट अडके. तें काढण्याला एकच उपाय उरे: तोंडाकडून गज घालून तें मागें ठोकणें. लढाई चालू असतां! शिपाई गज रायफलीलाच बांधून फिरत, आणि ज्याच्यापाशीं गज नसे तो दुसऱ्याचा गज येईपर्यंत निःशस्त्र असे. अडकलेली रायफल उघडून दुरुस्त करीत असतांनाच माणसें मारलीं गेल्याचीं पत्रें अमेरिकेंत घरोघर पोहोंचलीं. काँग्रेसचे सभासद रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीनें १९६७ च्या ऑक्टोबरांत आपला अहवाल दिला आणि सैन्याच्या कारभाराला कडक शब्दांत दोष लावला. काडतुसाच्या जागेला क्रोमचा मुलामा आला, सामान आलें, आणि १९६८ सालीं विल आइस्नर या चित्रकाराकडून निगेची चित्रमय पुस्तिका तयार करवून शिपायांच्या हातीं देण्यांत आली. चार पैशांची कुंचली आणि ती वापरण्याची दोन तासांची शिकवण आधींच दिली असती, तर त्यांतले किती घरीं परतले असते, हा हिशेब कोणत्याहि अहवालांत मांडतां येण्यासारखा नाहीं.

या उदाहरणानें घाबरून कोणी दिवसरात्र नळी घासूं लागेल, तर तेंहि घातक आहे. पुष्कळ चांगल्या नळ्या गोळ्यांनीं नव्हे, गजानें बिघडल्या आहेत. गोळी नळींतून सुटते त्या तोंडाच्या कडेला सर्वांत अधिक जपावें लागतें. ती कड एका बाजूनें किंचित् झिजली, तरी मागून येणारा वायु त्या बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीला आडवा धक्का देतो. म्हणून ज्या रायफलीचा बोल्ट काढतां येतो, तिचा गज नेहमीं मागील बाजूनेंच घालावा. गज अखंड असावा. तुकडे जोडून होणाऱ्या गजाचे सांधे भिंतीला घासतात, आणि अॅल्युमिनियमच्या मऊ गजांत रेतीचे कण रुतून त्याची कानस होते. कुंचली एका टोकानें घालून दुसऱ्या टोकानें पूर्ण बाहेर निघाल्यावरच मागें ओढावी, मध्येंच उलटी फिरवूं नये. ली-एनफील्डच्या दस्त्यांत पितळी वजनाची दोरी व तेलाची कुपी ठेवलेली असे, आणि चिंधीचें मापहि ठरलेलें होतें: पुसण्याला चार इंच लांब व दोन रुंद, तेलाला दीड रुंद. युक्ति मोठी सोईची, पण दोरी तिरपी ओढली तर धुळीनें माखलेली तीच दोरी तोंडाच्या कडेला खांच पाडते. ती नळीच्या रेषेंत सरळ ओढावयास सैनिकांना शिकवीत, तें यासाठीं.

चिंध्या विकतच्या घ्याव्यात असें नाहीं. वारंवार धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या चिंध्या उत्तम. ओली चिंधी फिरवून द्रव्याला दहा-पंधरा मिनिटें आपलें काम करूं द्यावें. घाईनें शंभरदां घासण्यापेक्षां या स्वस्थ बसण्यानें अधिक मळ सुटतो. पालिशाची दाणेदार लुगदी हा अखेरचा उपाय आहे, नित्याचा नव्हे. सफाईला बसण्यापूर्वीं रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनीं व बोटानें करावी, काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवावींत, आणि काम झाल्यावर जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावेत, कारण शिसें पोटांत गेलेलें बरें नाहीं.

सर्व मळ निघाल्यावर नळी कोरडी करून पातळ तेलाचा हात द्यावा. १९५३ सालीं निघालेलें आणि आतां घरोघर दिसणारें डब्ल्यू. डी.-४० ओल हांकलण्याला चांगलें, पण महिनोन् महिने रक्षण करण्याला बंदुकीचें तेलच हवें. पावसाळ्यांत रायफल कापडी किंवा चामडी पिशवींत बंद करून ठेवूं नये. कापड ओल धरतें. उघड्या पण कुलपाच्या कपाटांत, तोंड किंचित् खालीं करून ठेवल्यास जादा तेल मागें यंत्रांत न उतरतां पुढें येतें. दर पंधरा दिवसांनीं एक कोरडी चिंधी फिरवून पाहावी; ती तांबूस निघाली, तर पुन्हां आरंभापासून. आणि रायफल पुन्हां मैदानावर नेण्याच्या दिवशीं तें तेल पुसून काढावें, नळींतून आरपार उजेड दिसतो कीं नाहीं हें पाहावें, मगच काडतूस घालावें; विसरलेल्या एका चिंधीनें किंवा साचलेल्या दाट तेलानें नळी फुटूं शकते.